कोपऱ्यातला खांब का कलला?
काटकोनातील दोन बलांची बेरीज



क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी मैदानाभोवती पताकांचे दोर बांधायचे काम यंदाही छात्रांच्याच एका तुकडीकडे होते. त्यांच्यावर देखरेख माझी होती. मैदानाच्या चारही कोपऱ्यांत लाकडी खांब पुरले आणि एका खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत दोर ताणले. नैऋत्य कोपऱ्यातल्या खांबाला असे दोन दोर आले: एक पूर्वेकडे जाणारा, दुसरा उत्तरेकडे जाणारा. दोघांमध्ये बरोबर काटकोन. या ओढीने खांब मैदानाच्या आत झुकू नये म्हणून बाहेरच्या बाजूने तिसरा दोर, म्हणजे तंबूला असतो तसा तणावा, बांधून मेखेला अडकवायचे ठरले.

मेख कुठे ठोकायची? अकरावीचा एक छात्र म्हणाला, "सर, दोन्ही दोरांच्या मधोमध जी दिशा येते, तिच्या बरोबर उलट." सगळ्यांना पटले. मलाही पटले. मेख ठोकली, तणावा कसून ताणला आणि आम्ही जेवायला गेलो.

सकाळी पाहतो तो खांब कललेला. गंमत अशी की तो आत कलला नव्हता, बाहेरही नाही. तो कलला होता वायव्येला, म्हणजे थोडा उत्तरेला आणि थोडा पश्चिमेला. उत्तरेला एक दोर होता, ते ठीक. पण पश्चिमेला तर कोणताच दोर जात नव्हता! मग पश्चिमेला ओढले कोणी? संध्याकाळी त्या कोपऱ्यात सातवीची मुले पळापळी खेळताना दिसली होती. त्यांतल्या एकाने खांबाला हिसका दिला असणार, असे सगळे म्हणू लागले. तो बिचारा "मी नाही, सर" एवढेच म्हणत राहिला.

तो खरे बोलत होता. ते त्याच दिवशी दुपारी एका कागदावर, दहावीच्या भूमितीने सिद्ध झाले. ती भूमिती आज पाहू. घरी मराठीत शिकून इथे आलेल्या मुलांना 'रिझल्टंट' हा शब्द सुरुवातीला अवघड वाटतो. आपण त्याला परिणामी बल म्हणू. काटकोन त्रिकोण तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. वही, पट्टी आणि कोनमापक घेऊन बसा आणि आकृत्या स्वतः काढा.

१. आकडा आणि दिशा

पाच किलो तांदळात तीन किलो तांदूळ घातले की आठ किलो होतात. तांदळाला दिशा नसते. वस्तुमान, वेळ, तापमान अशा नुसत्या आकड्याने सांगता येणाऱ्या राशी म्हणजे अदिश राशी.

बलाचे तसे नाही. "मी ३०० न्यूटन बलाने ओढतो" एवढे सांगून काम भागत नाही. कोणीकडे ओढता, हेही सांगावे लागते. परिमाण आणि दिशा दोन्ही लागणाऱ्या राशी म्हणजे सदिश राशी. दोन सदिशांची बेरीज केली की उत्तरही सदिश येते. म्हणून उत्तरात आकडा असावा आणि दिशाही असावी. आकडा लिहून दिशा सोडली तर उत्तर अर्धेच राहिले असे समजा.

रस्सीखेच आठवा. एकाच बाजूला दोघांनी ३०० आणि ४०० न्यूटन बल लावले तर एकूण ७०० न्यूटन. समोरासमोर लावले तर १०० न्यूटन, तेही ४०० वाल्याच्या बाजूला. आणि काटकोनात लावले तर? उत्तर १०० आणि ७०० यांच्या मध्ये कुठेतरी असणार, हे मनाला पटते. नेमके कुठे, ते काढायचे आहे.

२. पूर्वेची ओढ उत्तरेला काही करत नाही

सगळ्या हिशेबाचा पाया या एका गोष्टीत आहे. परेड मैदानावर एका खुणेवर उभे राहा. तिथून ३०० पावले पूर्वेला चाला, मग डावीकडे वळून ४०० पावले उत्तरेला. पूर्वेला चालताना तुम्ही उत्तरेला एक पाऊलही सरकला नाहीत आणि उत्तरेला चालताना पूर्वेला सरकला नाहीत. काटकोनातल्या दोन दिशा एकमेकींच्या कामात लुडबुड करत नाहीत.

बलांचेही असेच आहे. पूर्वेकडचा दोर खांबाला उत्तरेला किंवा दक्षिणेला जराही ओढत नाही. उत्तरेकडचा दोर पूर्व-पश्चिमेला काही करत नाही. त्रिकोणमितीच्या भाषेत सांगायचे तर ९० अंशांचा कॉस शून्य असतो. म्हणून काटकोनातली बले सर्वांत सोपी. पुढे कोणत्याही कोनातली बले आली तरी आपण ती आधी अशा दोन काटकोनी भागांत फोडूनच घेतो.

३. परिमाण: पायथागोरसचे प्रमेय

आता खांबाकडे वळू. दोन्ही दोरांत सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून आम्ही ओढ मोजली. पूर्वेच्या दोरात ३० किलोग्रॅम दिसले, उत्तरेच्या दोरात ४०. उत्तरेची बाजू लांब होती, दोर मध्ये फार झोळ खात होता, म्हणून मुलांनी तो जास्त ताणला होता. एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन असते. सोयीसाठी १० धरू. म्हणजे पूर्वेला ३०० न्यूटन, उत्तरेला ४०० न्यूटन.

आकृती काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० न्यूटन असे प्रमाण घ्या. खांबासाठी बिंदू ख. तिथून पूर्वेला, म्हणजे कागदावर उजवीकडे, ३ सेंटिमीटर रेषा. तिच्या टोकापासून सरळ वर, म्हणजे उत्तरेला, ४ सेंटिमीटर रेषा. दुसऱ्या रेषेच्या टोकाला प म्हणा आणि ख पासून प पर्यंत सरळ रेषा काढा. दोन्ही दोर मिळून जे करतात, तेच काम एकटे करू शकणारे बल म्हणजे ही रेषा. हेच परिणामी बल.

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. म्हणून

परिणामी बल² = ३००² + ४००²
= ९०,००० + १,६०,०००
= २,५०,०००

परिणामी बल = ५०० न्यूटन.

पट्टीने खप मोजा. ५ सेंटिमीटर भरेल.

हे प्रमेय आपण पायथागोरसच्या नावाने ओळखतो, पण यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आयताच्या कर्णाविषयीचा हाच नियम आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरी. जमिनीवर दोरी ताणून आयत आखणाऱ्यांनी हे सत्य ओळखले होते. बलांना हा नियम लागू पडतो, हे मात्र फार नंतर नीट मांडले गेले. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात न्यूटनने गतीचे तीन नियम सांगितले आणि लगेच त्यांच्यावरून निघणारी पहिली गोष्ट म्हणून बलांचा समांतरभुज चौकोन दिला. दोन बले काटकोनात असली की तो चौकोन आयत होतो आणि परिणामी बल हा त्या आयताचा कर्ण.

४. दिशा: टॅन

५०० न्यूटन कोणीकडे? पूर्वेच्या रेषेशी परिणामी बल जो कोन करते, त्याला थीटा म्हणू. थीटाची संमुख बाजू उत्तरेची, ४००. लगतची बाजू पूर्वेची, ३००.

टॅन थीटा = संमुख बाजू ÷ लगतची बाजू = ४०० ÷ ३०० = १.३३३

ज्या कोनाचा टॅन १.३३३ आहे तो कोन ५३.१ अंश. म्हणून परिणामी बल पूर्वेकडून उत्तरेकडे ५३.१ अंशांवर आहे.

इथे साइन किंवा कॉसनेही कोन काढता आला असता. साइन थीटा = ४०० ÷ ५०० = ०.८ आणि कॉस थीटा = ३०० ÷ ५०० = ०.६. पण त्यासाठी आधी कर्ण काढावा लागतो आणि कर्ण चुकला तर कोनही चुकतो. टॅनला फक्त दिलेली दोन बले लागतात. म्हणून कोन टॅनने काढावा, आणि साइन-कॉस पडताळ्यासाठी ठेवावेत.

साइनबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आर्यभटाने 'आर्यभटीय' या ग्रंथात ज्यांची सारणी दिली. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच 'जीवा' असेही म्हणत. हा शब्द अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये जाताना त्याचे चुकीचे भाषांतर होऊन 'सायनस' झाला आणि परत आपल्याकडे 'साइन' म्हणून आला. मराठी भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाची जीवा शिकलात ना? ती याच घरातली.

५. उत्तर बरोबर आहे का?

हिशेब झाला की पेन खाली ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला: परिणामी बल दोन्ही बलांपेक्षा मोठे आणि त्यांच्या बेरजेपेक्षा लहान आहे का? ५०० हे ४०० पेक्षा मोठे, ७०० पेक्षा लहान. ठीक.

दुसरा: ते मोठ्या बलाच्या १.४१४ पटीपेक्षा जास्त तर नाही ना? दोन्ही बले सारखी असतील तेव्हा ते बरोबर १.४१४ पट होते. त्याहून जास्त कधीच नाही. ४०० × १.४१४ = ५६६. आपले ५०० त्याच्या आत आहे.

तिसरा: परिणामी बल मोठ्या बलाच्या जवळ झुकले आहे का? पूर्वेशी ५३.१ अंश, म्हणजे उत्तरेशी ३६.९ अंश. उत्तरेचे बल मोठे आणि कोन उत्तरेशी लहान. बरोबर. गुणोत्तर उलटे झाले की ही चूक इथेच पकडली जाते.

लहान बलाचे काम काय असते, तेही पाहून ठेवा. चिखलात रुतलेली गाडी एका तुकडीने पुढे १२०० न्यूटन बलाने ओढली आणि दुसऱ्या तुकडीने बाजूला, काटकोनात, ५०० न्यूटन बलाने. वर्ग १४,४०,००० आणि २,५०,०००. बेरीज १६,९०,०००. परिणामी बल १३०० न्यूटन. दुसऱ्या तुकडीने ५०० न्यूटन लावले, पण आकडा वाढला फक्त १०० ने! मग तिचे श्रम वाया गेले का? नाही. टॅन थीटा = ५०० ÷ १२०० = ०.४१७, म्हणून ओढीची दिशा २२.६ अंशांनी वळली. काटकोनातले लहान बल परिमाणात थोडी भर घालते, पण दिशा बरीच बदलते. खांबाच्या प्रकरणात हेच विसरले गेले होते.

६. खांबाचा निकाल

खांब सरळ उभा राहायचा तर तणाव्याने परिणामी बलाइतकेच बल बरोबर उलट दिशेला लावायला हवे. म्हणजे ५०० न्यूटन, पश्चिमेकडून दक्षिणेकडे ५३.१ अंशांवर.

नकाशावाचनात शिकलेली रीत इथे उपयोगी पडते. बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. परिणामी बल पूर्वेपासून उत्तरेकडे ५३.१ अंश, म्हणजे त्याचे बेअरिंग ९० − ५३.१ = ३६.९ अंश. तणाव्याची दिशा म्हणजे त्याचे बॅक बेअरिंग: ३६.९ + १८० = २१६.९ अंश. आणि आम्ही मेख कुठे ठोकली? 'बरोबर मधोमध'च्या उलट, म्हणजे २२५ अंशांवर. चूक ८.१ अंशांची. दोन्ही बले सारखी असती तर २२५ अंश अगदी बरोबर ठरले असते. ती सारखी नव्हती.

८.१ अंश म्हणजे फार नाही, असे वाटेल. मोजून पाहू. तणाव्याची आडवी ओढ ५०० न्यूटन धरू. ती नैऋत्येला, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण या दोन्हींशी ४५ अंशांवर आहे. तिचे दोन भाग असे:

पश्चिमेकडे ५०० × कॉस ४५° = ५०० × ०.७०७ = ३५४ न्यूटन
दक्षिणेकडे ५०० × साइन ४५° = ५०० × ०.७०७ = ३५४ न्यूटन

आता एकेका दिशेचा जमाखर्च मांडा. पूर्वेला ३००, पश्चिमेला ३५४. शिल्लक ५४ न्यूटन, पश्चिमेला. उत्तरेला ४००, दक्षिणेला ३५४. शिल्लक ४६ न्यूटन, उत्तरेला.

पश्चिमेला ओढणारा सापडला! तो सातवीचा मुलगा नव्हता. तो आमचाच तणावा होता. चुकीच्या दिशेला ताणल्यामुळे तो पूर्वेच्या दोराला पुरून उरत होता आणि उत्तरेच्या दोराला कमी पडत होता. उरलेल्या दोन बलांचे परिणामी बल काढा: ५४² + ४६² = २९१६ + २११६ = ५०३२, वर्गमूळ सुमारे ७१ न्यूटन. दिशा वायव्य. म्हणजे सात किलोचे ओझे रात्रभर खांबाच्या माथ्याला आडवे ओढत होते. खांब त्याच दिशेला कलला.

"मग तणावा थोडा सैल केला असता तर?" एका छात्राने विचारले. प्रश्न चांगला होता. दिशा तीच ठेवून ओढ बदलून पाहू.

ओढ ४०० न्यूटन: शिल्लक पूर्वेला १७, उत्तरेला ११७. एकूण सुमारे ११८.
ओढ ४२४ न्यूटन: पूर्व-पश्चिम जुळले, पण उत्तरेला १०० शिल्लक.
ओढ ४९५ न्यूटन: पश्चिमेला ५०, उत्तरेला ५०. एकूण ७०.७.
ओढ ५६६ न्यूटन: उत्तर-दक्षिण जुळले, पण पश्चिमेला १०० शिल्लक.

७०.७ च्या खाली काही केल्या येत नाही. दिशा चुकली की ताण कमी करा वा वाढवा, खांब सरळ राहायचा नाही. मेखच हलवावी लागते.

किती हलवायची? मेख खांबापासून २ मीटरवर होती. ८.१ अंशांसाठी ती दक्षिणेकडे सुमारे २८ सेंटिमीटर सरकवायची. सव्वा वीत! एवढ्याशा अंतरासाठी एका मुलाला सकाळभर बोलणी खावी लागली.

७. दोर जमिनीकडे उतरतो

आतापर्यंत आपण तणाव्याची फक्त आडवी ओढ धरली. प्रत्यक्षात तो खांबाच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत तिरका उतरतो. इथे पुन्हा काटकोन त्रिकोण: खांब, जमीन आणि कर्ण म्हणून तणावा. तणाव्याच्या ताणाचा एक भाग खांबाला आडवा ओढतो, दुसरा खांबाला खाली दाबतो. आपल्याला हवा आहे आडवा भाग.

आडवा भाग = ताण × कॉस (तणाव्याचा जमिनीशी कोन)

आडवा भाग ५०० न्यूटन हवा. खांब २ मीटर उंच.

मेख २ मीटरवर: कोन ४५°, ताण ५०० ÷ ०.७०७ = ७०७ न्यूटन.
मेख १.१५ मीटरवर: कोन ६०°, ताण ५०० ÷ ०.५ = १००० न्यूटन.
मेख ३.४६ मीटरवर: कोन ३०°, ताण ५०० ÷ ०.८६६ = ५७७ न्यूटन.

जागा वाचवायला मेख खांबाजवळ ठोकली की तेच काम करायला दोराला आणि मेखेला किती जास्त सोसावे लागते, ते दिसले ना? तंबू ठोकताना मेख खांबाच्या उंचीइतकी तरी लांब ठेवा, असे उस्ताद सांगतात. त्यामागे हा कॉस आहे.

८. नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक: नुसती बेरीज. ३०० आणि ४०० चे ७०० लिहिणे. बले एकाच रेषेत नसतील तर आकड्यांची बेरीज चालत नाही.

दुसरी: वर्गमूळ काढायचे विसरणे. वर्गांची बेरीज करून २,५०,००० न्यूटन असे उत्तर लिहिणारे दरवर्षी भेटतात. तीनशे आणि चारशे न्यूटनांतून अडीच लाख कुठून येणार?

तिसरी: टॅनचे गुणोत्तर उलटे करणे. कोन कोणत्या बाजूशी मोजतो आहोत, ते आधी आकृतीत दाखवा. ज्या बाजूशी मोजता ती लगतची.

चौथी: "कोन ५३.१ अंश" एवढेच लिहिणे. कशाशी? पूर्वेशी की उत्तरेशी? कोणत्या बाजूला? हे लिहिल्याशिवाय दिशा पूर्ण होत नाही.

पाचवी: गणनयंत्र रेडियनवर असणे. सुरुवातीला टॅन ४५ काढून पाहा. १ आले तर ते अंशांवर आहे.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेत गणनयंत्र चालत नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, हे ध्यानात ठेवा. म्हणून काही त्रिकुटे पाठ असू द्या: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. त्यांच्या पटीही ओळखता आल्या पाहिजेत. ३०० आणि ४०० दिसले की ५०० डोळ्यांसमोर यायला हवे. टॅन ३०° = ०.५७७, टॅन ४५° = १, टॅन ६०° = १.७३२ हेही तोंडपाठ हवे. आणि टॅन ३७° जवळजवळ ०.७५, टॅन ५३° जवळजवळ १.३३, एवढे ध्यानात असले की ३-४-५ च्या त्रिकोणाला सारणी पाहावी लागत नाही.

९. सुटीत घरी करायचा प्रयोग

पालकांनीही यात भाग घ्यावा. तीन स्प्रिंग-काटे आणि एक लहान कडी घ्या. टेबलावर कागद पसरून कडीला तिन्ही काट्यांचे हूक अडकवा. कागदावर आधी एक काटकोन आखा. दोघांनी त्या काटकोनाच्या दोन बाजूंवर काटे ओढून एकाने ३ आणि दुसऱ्याने ४ हे वाचन स्थिर ठेवावे. तिसऱ्याने कडी काटकोनाच्या शिरोबिंदूवर स्थिर राहील असा तिसरा काटा ओढावा. त्याचे वाचन ५ च्या आसपास येईल. त्याच्या दोराची दिशा कागदावर आखून कोनमापकाने मोजा आणि हिशेबाशी ताडून पाहा. मग तिसऱ्याने काटा मुद्दाम दहा अंश बाजूला नेऊन कडी जागेवर ठेवायचा प्रयत्न करावा. कितीही ओढले तरी जमणार नाही.

१०. स्वाध्याय

आधी आकृती, मग हिशेब, शेवटी तीन प्रश्नांचा पडताळा.

(१) पूर्वेला ८ न्यूटन, उत्तरेला ६ न्यूटन. परिणामी बल काढा.

(२) उत्तरेला २४० न्यूटन, पूर्वेला ७० न्यूटन. परिणामी बल उत्तरेशी किती कोन करते?

(३) काटकोनातले दोन दोर प्रत्येकी १०० न्यूटन ओढतात. तणावा कोणत्या दिशेला आणि किती आडव्या ओढीचा हवा?

(४) काटकोनातल्या दोन बलांचे परिणामी बल २६० न्यूटन आहे. एक बल १०० न्यूटन. दुसरे किती? परिणामी बल त्या दुसऱ्या बलाशी किती कोन करते?

(५) पश्चिमेला ५० न्यूटन, दक्षिणेला १२० न्यूटन. परिणामी बलाचे बेअरिंग काढा. खांब सरळ ठेवायला तणाव्याचे बेअरिंग किती?

उत्तरे:

(१) १० न्यूटन, पूर्वेकडून उत्तरेकडे ३६.९°.
(२) २५० न्यूटन, उत्तरेकडून पूर्वेकडे १६.३°.
(३) १४१.४ न्यूटन, दोन्ही दोरांच्या मधोमध येणाऱ्या दिशेच्या बरोबर उलट. इथे मात्र 'मधोमध' बरोबर, कारण बले सारखी आहेत.
(४) २४० न्यूटन, २२.६°.
(५) परिणामी बल १३० न्यूटन, पश्चिमेकडून दक्षिणेकडे ६७.४°, म्हणून बेअरिंग २७० − ६७.४ = २०२.६°. तणाव्याचे बेअरिंग २०२.६ − १८० = २२.६°.

त्या दुपारी हिशेब पुरा झाल्यावर अकरावीच्या छात्राने सातवीच्या मुलाला बोलावून आणले आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मीही मागितली, कारण मान मीही डोलावली होती. मग त्याच मुलाच्या हाती हातोडा दिला. त्याने कंपासवर २१७ अंश पाहिले, मेख सव्वा वीत सरकवून ठोकली आणि तणावा बांधला. क्रीडादिन संपून पताका उतरवेपर्यंत खांब जागचा हलला नाही.